गळा आणि तबकडी

काळाचौकीचे नाव काढले की परक्या माणसाला गिरण्या आठवतात, गणपती आठवतात. आणि जुनी वर्तमानपत्रे चाळायची सवय असेल तर १९८२ चा संप आठवतो. गाणे काही आठवत नाही. पण आमच्या या वस्तीत गाण्याचा केवढा सुकाळ होता हे तिथे राहिल्यावाचून कळायचे नाही. कोकणातून पोटासाठी आलेला गडी एका ट्रंकेत दोन कपडे आणि गळ्यात चार अभंग घेऊन येई. गावकीच्या खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले एकाच वळकटीवर आळीपाळीने झोपत. पण शनिवारी रात्री त्याच खोलीत पेटी, पखवाज आणि झांजा निघाल्या की वळकटीची आठवण कोणाला होत नसे. आठ तास साच्यांच्या खडखडाटात उभे राहिलेले ते कान. त्यांना हळू गाणे ऐकूच येत नसावे, म्हणून की काय, आमचे बुवा काळी पाचमध्ये गात.

हीच काळी पाच पुढे बुवांचा जीव घेई. डबलबारीचा सामना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दोन बुवा समोरासमोर, एकाने गजर टाकायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे, कोरसाने झेलायचे आणि श्रोत्यांनी 'वा बुवा' म्हणत पहाट करायची. तिशीतला बुवा वरच्या षड्जावर जाऊन तिथे पानाचा विडा लावावा इतक्या निवांतपणे बसे. पन्नाशीत तो काळी दोनवर उतरे. साठीत पांढरी एक. आणि तिथेही वरची जागा आली की हात वर करून ती कोरसाच्या ओंजळीत सोडून देई. मागे बसलेली तरुण पोरे एकमेकांना कोपरखळ्या मारीत. 'बुवांनी आता पेटी खाली ठेवावी,' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकले आहे की कोणत्या बुवांविषयी ते प्रथम ऐकले हे आठवत नाही.

बुवा पेटी खाली ठेवीत नसत. का ठेवीत नसत, आणि ती ठेवावी असे आपल्याला का वाटते, या दोन प्रश्नांनी मला बरीच वर्षे छळले आहे. पहिल्या प्रश्नाची उत्तरे सगळ्यांना ठाऊक असतात : हौस, लोभ, कर्ज, टाळ्यांची चटक. दुसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. म्हाताऱ्या गवयाच्या थकल्या आवाजाची आपल्याला लाज का वाटावी? म्हाताऱ्या लेखकाचे थरथरते अक्षर पाहून कोणी त्याला लेखणी टाकायला सांगत नाही.

गळा म्हातारा होतो म्हणजे काय होते, तेवढे आधी सांगून टाकतो. स्वर निघतो तो कंठातल्या दोन इवल्या पडद्यांच्या कंपनातून. वयाबरोबर त्या पडद्यांतले स्नायू झिजतात, पडदे ताठरतात, त्यांवरचा ओलावा कमी होतो आणि ते नीट मिटत नाहीत. मधून वारा निसटतो. तिकडे फुप्फुसांचा भाता लहान होतो. मग वरचे सूर हरवतात, दम पुरत नाही, सूर धरला की थरथरतो. पण लय झिजत नाही. शब्द कुठे तोडावा, कुठे जोडावा, समेच्या आधी किती रेंगाळावे, हे ज्ञान त्या पडद्यांत राहत नसते. गवई म्हातारा होतो तेव्हा त्याचे भांडवल निम्मे जाते आणि निम्मे उरते. आणि उरलेले निम्मे अनेकदा व्याजासकट वाढलेले असते.

आपल्या जुन्या गवयांनी हा व्यवहार फार पूर्वी ओळखला होता. अल्लादियाखाँसाहेबांची हकीकत प्रसिद्ध आहे. तरुणपणी आमलेट्याच्या संस्थानात दिवसचे दिवस गाऊन त्यांचा मूळचा सुरेल आवाज बसला. बराच काळ तो लागेचना, आणि परत आला तो पूर्वीच्या गोडव्यावाचून. दुसरा असता तर त्याने तंबोऱ्याला खोळ घातली असती. खाँसाहेबांनी त्या खरखरीत आवाजाला साजेल अशी गायकीच नवी घडवली : बिकट, पेचदार, वळणावळणाची, लयीला बिलगून जाणारी, स्वर नुसता धरून ठेवून श्रोत्याला मोहवायचे नाही, चालता ठेवून चकित करायचे. आज जयपूर-अत्रौली म्हणून जी गायकी आपण मोठ्या आदराने ऐकतो तिचा उगम असा एका मोडलेल्या गळ्यात आहे. शाहूमहाराजांच्या पदरी कोल्हापूरला त्यांनी आयुष्याची उमेद घालवली, १९२२ साली महाराज गेल्यावर ते मुंबईस आले, आणि १९४६ साली इथेच, नव्वदीच्या घरात, त्यांनी देह ठेवला.

आता गंमत पाहा. खाँसाहेबांचा तो मूळचा गोड आवाज कसा होता, किंवा म्हातारपणचा कसा होता, हे तुम्हांआम्हांला कळण्याचा मार्ग नाही. कारण त्यांनी तबकडी म्हणून दिली नाही. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले १९२२ सालीच गेले, त्यांचीही तबकडी नाही. परिणाम असा की या दोघांचा गळा महाराष्ट्रात कधी म्हातारा झालाच नाही. ज्यांनी ऐकले त्यांनी आठवणी सांगितल्या. आणि आठवण ही मोठी दयाळू बाई आहे. ती बेसूर जागा झाकते, दम तुटला तिथे आपला दम घालते. तबकडी तसे करीत नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गसाहेबाने कलकत्त्यात गोहरजानचे गाणे मेणावर उतरवून घेतले, त्या दिवसापासून हिंदुस्थानातल्या गवयामागे एक नवा प्रतिस्पर्धी लागला. तो होता तो स्वतःच, पण तिशीतला. त्याला सर्दी होत नाही, त्याचे केस पिकत नाहीत, आणि किल्ली दिली की तो वाटेल तेव्हा गातो.

महाराष्ट्रात या प्रतिस्पर्ध्याशी सर्वांत दीर्घ झुंज कोणी दिली असेल तर ती नारायण श्रीपाद राजहंस यांनी. त्यांचे नावच पाहा. वयाच्या दहाव्या वर्षी पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटले, असे सांगतात. एका पोराच्या कोवळ्या आवाजावरून पडलेले ते नाव वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांना वागवावे लागले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली होती, आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली. ही गोष्ट त्यांच्या थोरवीची म्हणून सांगतात. मला ती वाचताना थोडा काटाही येतो. ज्या माणसाला त्या दिवशी थांबता आले नाही, त्याला पुढे कर्जाने, दुखण्याने किंवा वयाने कोण थांबवणार होते?

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. 'स्वयंवर' १९१६ चे, 'एकच प्याला' १९१९ चे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान' झाले, आणि त्या रात्रीच्या तिकिटांच्या कथा गिरगावात पुढे दोन पिढ्या चालल्या. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत गेले. वय अवघे एकतीस. त्यांच्या आवाजाला म्हातारपण शिवले नाही, आणि म्हणून केशवरावांविषयी बोलताना कोणी 'पण' म्हणत नाही. बालगंधर्वांच्या वाट्याला मात्र पुढची शेहेचाळीस वर्षे आली.

त्या मंडळीचा थाट सांगायला हा लेख पुरायचा नाही. खरे रेशीम, खरे अत्तर, साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर पडत आणि नाटक संपून माणसे बाहेर येत तेव्हा दूधवाले फिरू लागलेले असत. या थाटाखाली कर्ज साचत होते. आणि नटांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची पोटे एका माणसाच्या गळ्यावर चालत होती, हेही विसरू नये. अशा वेळी, १४ मार्च १९३१ रोजी, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि चित्रे बोलू-गाऊ लागली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्या हे नव्या प्रेक्षकाला पटून गेले. पन्नाशीकडे झुकलेल्या, अंगाने सुटलेल्या पुरुषाने रुक्मिणी व्हावे हे त्या डोळ्यांना पाहवेना. १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. पण तुकड्यातुकड्यांनी, प्रेक्षकांवाचून करायचे ते काम त्यांना मानवले नाही, आणि ते परत नाटकाकडे वळले. पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. बालगंधर्वांचीच गायकी त्यांच्या गळ्यात बसलेली होती, आणि त्या नायिकेच्या भूमिका करू लागल्या. म्हणजे रंगमंचावर एका बाजूला मूळ माणूस म्हातारा होत होता आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच गाण्याचा पडसाद तरुण होता.

या सगळ्या काळात घराघरांत, इराण्याच्या हॉटेलात, पानवाल्याच्या ठेल्यावर तिशी-चाळिशीतले बालगंधर्व तबकडीतून गात होते. नवा प्रेक्षक त्या तबकड्या पाठ करून नाट्यगृहात येई आणि समोरच्या माणसाला त्यांच्याशी ताडून पाही. तबकडी मापाची, साडेतीन मिनिटांत पद आटोपायचे म्हणून घाईघाईने गायिलेले. नाट्यगृहातले पद मात्र पाऊण तास चाले. म्हणजे जिच्याशी तुलना करून आपण त्यांना नापास करीत होतो ती तबकडी मुळात त्यांच्या गाण्याची नव्हतीच. ती त्या गाण्याची जाहिरात होती!

माझे वडील काळाचौकीहून पायी गिरगावात जाऊन त्यांना पाहून आले होते, चाळिसाव्या दशकाच्या अखेरीस केव्हा तरी. ते साचेवाले, रागदारी त्यांना कळत नसे. आवाज वर जाईना, हे त्यांनाही कळले. पण ते सांगत की शेजारी एक धोतरवाले म्हातारे गृहस्थ बसले होते, ते पद सुरू झाले की डोळे मिटत आणि जिथे आवाज पोचत नसे नेमके तिथेच मान डोलावीत. त्यांना तो सूर ऐकू येत होता. गाणाऱ्याने तो तीस वर्षांपूर्वी दिला होता, त्यांनी जपून ठेवला होता, आणि आता परत करीत होते. वडील म्हणत, 'आम्ही नवे, आम्हांला अर्धेच गाणे ऐकू आले.'

मला या विषयात निवाडा द्यायचा झाला तर असा देईन : बालगंधर्वांनी स्त्रीवेष पंचेचाळिशीत उतरवायला हवा होता, गाणे उतरवायचे कारण नव्हते. डोळा क्षमा करीत नाही, कान करतो. पुढच्या वर्षांत त्यांनी ठिकठिकाणी भजने गायिली. पाय गेले होते, बसून गात. त्या भजनांत तानेची फेक नाही, पण शब्दाला असा हात लागतो की ऐकणारा गप्प होतो. १९५५ च्या सुमारास त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला. त्याच साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला, १९६४ साली सरकारने पद्मभूषण दिले. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते ८ ऑक्टोबर १९६२ रोजी बसली. रंगमंदिर उघडले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. त्याआधी सुमारे वर्षभर, १५ जुलै १९६७ ला, ते गेले होते. मानसन्मान मिळाले, पण ते हातात पडले तेव्हा ज्यांची पोटे चालवायची ती माणसे पांगून गेली होती.

उलट टोकाला केसरबाई केरकर. अल्लादियाखाँसाहेबांची ही मानी शिष्या. आवाज असा की ध्वनिक्षेपकाची गरजच नाही, आणि स्वभाव असा की तबकड्यांवर विश्वासच नाही. दिल्या त्या मोजक्याच. आवाज आपले ऐकत नाही अशी चाहूल लागताच, सत्तरीच्या उंबऱ्यावर, त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या. लोकांनी आपल्याला उतरणीला लागलेले ऐकू नये हा त्यांचा हट्ट, आणि तो त्यांनी तडीस नेला. केवढा करारीपणा! पण केसरबाईंच्या मागे नाटक कंपनीचे बिऱ्हाड नव्हते, हेही ध्यानात धरले पाहिजे. आणि नियतीचा खेळ असा की जिचा तबकडीवर विश्वास नव्हता तिचीच भैरवी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर घालून तारकांकडे पाठवली. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या.

हा प्रश्न एकट्या आपल्या गवयांचा नाही. साहेबाच्या देशात १९६०-७० च्या सुमारास 'रॉक' नावाचे जे धडाडते गाणे निघाले त्याचे गवई आता आजोबा-पणजोबा झाले आहेत, आणि अजून मंचावर आहेत. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर १९४३ सालचा. २००३ साली तो आपल्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर गाऊन गेला तेव्हाच लोक त्याला म्हातारा म्हणत होते, आणि २०२४ साली ऐंशी ओलांडूनही तो अमेरिकाभर नाचत-गात होता. या लोकांची अडचण आपल्या गवयांहून मोठी. त्यांचे गाणे जन्मले तेच तबकडीत. श्रोता मैफलीला येतो तो तबकडीच ऐकायला, सुरासुराने तीच. म्हणून कोणी सगळे वाद्यवृंद अर्धा-एक सूर खाली उतरवतात, म्हणजे आमच्या बुवांची काळी पाचवरून काळी दोन. कोणी वरच्या जागा साथीदारांवर सोपवतात. बॉब डिलन म्हणून एक कवी-गवई आहे, त्याने निराळीच युक्ती काढली : तो आपली जुनी गाणी इतक्या नव्या चालींत म्हणतो की श्रोत्याला तबकडीशी ताडून पाहताच येऊ नये.

मला त्यांतली बर्मिंगहॅमची गोष्ट जवळची वाटते, कारण ते शहर आमच्यासारखेच कारखान्यांचे. तिथल्या 'ब्लॅक सॅबथ' या मेळ्यातला गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात होता, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या दोन बोटांची अग्रे गेली. आमच्याकडे खात्याखात्यात अशी बोटे गेलेली माणसे होती. त्यांतला एक आमच्या चाळीत तीन बोटांनी पखवाज वाजवी. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल करून खाली लावल्या. आणि त्या सैल तारांतून जो जडशीळ, काळोखा नाद निघाला त्यावर पुढे एक संप्रदायच उभा राहिला. अल्लादियाखाँसाहेबांना ही गोष्ट कोणी सांगितली असती तर त्यांना तिचे नवल वाटले नसते. त्याच मेळ्याचा गायक ऑझी ऑस्बोर्न, कंपवाताने जर्जर, ५ जुलै २०२५ रोजी आपल्याच गावातल्या व्हिला पार्क मैदानावर एका काळ्या सिंहासनात बसून गायिला. उभे राहता येत नव्हते. सूर लागेल तिथे लागत होता. मैदान मात्र त्याच्यासाठी गात होते. २२ जुलैला तो वारला.

आमच्या गिरणगावाचे शाहीर याच जातीचे, पण त्यांतल्या थोरांना म्हातारपण मिळालेच नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. परळ-लालबाग-काळाचौकीच्या मैदानांनी त्यांच्या डफाची थाप अंगावर झेलली. अमर शेखांचा आवाज एवढा बुलंद की संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत लाउडस्पीकर बंद पडला तरी सभा चाले, असे आमच्याकडे सांगत. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले, वय अठ्ठेचाळीस. २९ ऑगस्टला अमर शेख मोटार अपघातात गेले, वय बावन्न. सहा आठवड्यांत दोन गळे मिटले.

शाहीर साबळे मात्र नव्वदी पार करून २०१५ साली वारले, आणि उतारवयातही त्यांनी लोकधारेचा पसारा चालवला. त्यांनी गायिलेले महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत झाले. आज १ मेला आमच्या शहीद भगतसिंग मैदानात ते लागते तेव्हा गातात ते तरुण साबळे. पोरांना वाटते शाहीर हे असेच होते. सत्तरी-ऐंशीचा तो वाकलेला, तरी डफावर हात पडताच ताठ होणारा माणूस तबकडीत नाही. तो पाहिलेली माणसे आहेत तोवर आहे.

विठ्ठल उमप नायगावच्या चाळीत १९३१ साली जन्मले. भजन, भारूड, कव्वाली, भीमगीते, सगळे एका गळ्यातले. 'जांभूळ आख्यान' त्यांनी पिकल्या वयात रंगवले. द्रौपदीच्या मनातला कर्ण सांगताना तो खरबरलेला आवाजच कामी येई. कोवळ्या आवाजाला ते दुःख पेलले नसते. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते कार्यक्रमाला उभे राहिले आणि मंचावरच कोसळले. वय एकोणऐंशी, बालगंधर्वांएवढेच. समोर श्रोते बसलेले होते. त्यांचे चिरंजीव नंदेश यांनी वडिलांचे गाणे पुढे चालवले. त्यांच्या कार्यक्रमाला मी दादरला गेलो होतो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई पोराचे गाणे ऐकत होत्या आणि ओठांनी बापाच्या जागा घेत होत्या.